बाबांच्या अँप्लिफायरची घूंघूं

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं, पण आई अजून घरात असून नसल्यासारखी असते. संध्याकाळ झाली की बाबांचा तो व्हॉल्व्हचा अँप्लिफायर चालू करते आणि शेजारच्या खुर्चीत बसून राहते. गाणं मात्र लावत नाही. बाबा कामावरून आले की आधी तो तापायला लावायचे, मग हातपाय धुऊन गाणी ऐकायला बसायचे, आठवतं ना? आता नुसता तापतो आणि स्पीकरमधून घूंघूं करत राहतो. माझं डोकं उठतं. आवाज खराब येतो म्हणूनच बिचारी गाणं लावत नसेल.

टेंपोवाल्याबरोबर तो तुझ्या दुकानात पाठवतेय. जगाचे सेट दुरुस्त करतोस, जरा घरच्याकडेही बघ. पोरांना पापा. लोभ आहे तो असाच राहू दे.

तुझी ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज्ञा पाळली. पेटी उघडली आणि हसूच आलं. आतल्या वायरी बाबांनी चक्क सुतळीने बांधल्यात! दोन्ही मोठे कंडेन्सर पार फुगले होते, घूंघूं त्यांचीच. मी कितीदा म्हटलं होतं, बदलून देतो. तर म्हणायचे, राहू दे रे, त्याने चालू आहे हे कळतं.

नवे घातले. आता स्पीकरला कान लावला तरी काही ऐकू येत नाही. गिऱ्हाइकांनाही दाखवून घेतलं, छाती फुगली माझी. परवा पोचेल. आई काय म्हणते ते लगेच कळव, आणि माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा धाकटा

५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काय लिहू? आईने हौसेने चालू केला आणि खुर्चीत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, हा लागलाच नाही. मी म्हटलं, अगं, दिवा बघ, लागलाय. तिने उठून स्पीकरला कान लावला. मी बाबांच्या आवडीचं गाणं लावलं, काय स्वच्छ वाजलं! तिने ते बंद करायला लावलं. म्हणाली, ती घूंघूं चालू असली की वाटायचं, ते आत हातपाय धुतायत, आत्ता येऊन बसतील.

आणि रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही अशी रडली नव्हती रे. अँप्लिफायर परत आल्यापासून धड जेवलेली नाही. पाठवायचा शहाणपणा माझाच, तुला काय बोलू? जुने कंडेन्सर परत बसवता येतील का? असतील तर जपून ठेव.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि हातातलं काम तसंच राहिलं. कचऱ्याच्या डब्यातून जुने कंडेन्सर शोधून काढले, टेबलावर जोडून पाहिले. एक जोडताक्षणी धूर सोडून मोकळा झाला. मग दुसऱ्या एका सेटमध्ये मुद्दाम कमी ताकदीचे घालून पाहिले. घूंघूं येते गं, पण ती आपल्या घरातली नाही. लोकांच्या सेटमधली घूंघूं काढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि आपल्या आईसाठी एक आणता येत नाही.

रविवारी येतो. तिच्यासमोर कोणत्या तोंडाने उभा राहू, ते तूच सांग.

तुझा धाकटा

१३ मार्च

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

ताईने तुझं पत्र वाचून दाखवलं. दुकानात असं तोंड पाडून बसू नकोस, गिऱ्हाइकं पळतील. काम चोख केलंस. तुझ्या बाबांनाही आवडलं असतं, तोंडावर बोलले नसते एवढंच.

ती घूंघूं कधीतरी थांबणारच होती. मला वाटलं होतं, माझ्यानंतर थांबेल.

काल पुन्हा चालू केला. आवाज नाही, पण वर हात ठेवला तर ऊब तीच. ते हातपाय धुऊन आले की गार हात तिथेच शेकायचे. मग मीही बसले थोडा वेळ, आणि दोन घास जेवले. ताईला विचार हवं तर.

रविवारी जेवायलाच ये. अवजारांची पिशवी मात्र घरी ठेव. एवढी ऊब उरली आहे, तिला हात लावू नकोस.

तुझी आई