राजाचं डोकं उडालेला पैसा

देऊळघाट, ३ नोव्हेंबर १९४३, सकाळ
आजपासून भटकणं बंद. मामाकडे राहून एकच विद्या पुरी करायची, नेमबाजी. मेहकरच्या जत्रेत एकानं बंदुकीनं पैसा उडवला, टाळ्याच टाळ्या. मीही उडवणार. मामाची ठासणीची बंदूक आहे, ज्वारीतल्या डुकरांपायी लायसनवर मिळालेली. मामा म्हणतो, हात लावशीन तर पाह्य बे तुळशीराम, लायसन गेलं का ज्वारी डुकरं खातीन अन् आपण त्यायच्या तोंडाकडं पाहू. मामा जळतो.

५ नोव्हेंबर
मामा बाजाराला. विहिरीच्या दगडी कठड्यावर एक जुना मळका पैसा उभा केला. बार काढला. पैसा गायब!
गवतात सापडला. बरोब्बर मधोमध भोक. कडा गुळगुळीत, वर चकचकीत. बाराच्या आगीनं मळ जळाला असणार. पण राजाचं डोकंही उडालंय, नुसता मुकुट उरला. हा राजद्रोह होतो काय? कोणालाच दाखवायचा नाही.

६ नोव्हेंबर
शेजारच्या शेषरावाला दाखवला. दात काढून म्हणाला, असे तं माह्याकडे तीन हायेत. म्हणजे हाही चोरून नेम मारतो! आवाज कधी ऐकला नाही. लक्ष ठेवणे.

८ नोव्हेंबर
किराणावाल्या भगवंतरावानं सुट्ट्यात भोकाचाच पैसा दिला. तोंडावर काही नाही. दोघं मिळालेले. सी.आय.डी.? विचारलं नाही, सावध होतील.
मामी म्हणे, विहिरीकडं बार काढू नको रे बापा, दगडावरून गोळी माघारी येते. गोळी माघारी येते म्हणे! हिला कोणी शिकवलं?

१० नोव्हेंबर
मामा परगावी. दोघांना मुद्दाम बोलावलं. पैसा फुटताना चेहरे पाहायचा प्लॅन.
बार काढला. पैसा जागच्या जागी. मागं टण्ण झालं. मामी गुरांसाठी पाणी नेत होती. डोक्यावरच्या घागरीतून धार लागली, कानापासून चार बोटांवर. मामी तिथंच खाली बसली.
शेषराव बोलला. अबे येड्या, लढाईपायी तांबं पुरेना म्हून यंदा सरकारनंच पैशाले भोक पाडलं. राजाचं डोकंबी त्यायनंच काढलं. तुहा जुना पैसा विहिरीत गेला असन, गवतातला दुसऱ्या कोणाचा पडलेला. तुले मालूम नाही?
घागरीचं भोक पाहिलं. वाकडंतिकडं. कडा आत वळलेल्या. बोट कापलं.

११ नोव्हेंबर
बार ऐकून पोलीस पाटील महादेवराव चौकशीला आले. मामी म्हणाली, डुकरावर काढला जी, घागर खिळ्यावर आपटली. शेषराव म्हणाला, हाव. भगवंतरावही हाव. लायसन वाचलं. एवढी एकी कशी? आधीच ठरलं असणार.
बंदूक कुलपात. मामानं मला रिकामा डबा दिला, ज्वारीच्या बांधावर, धुऱ्यावर बसून वाजवायला.

१२ नोव्हेंबर
डबा वाजवतो. डुकरं थांबतात, पाहतात, पळतात.
मामी भाकर घेऊन आली, जवळ बसली. डबा वाजला की तिचा हात कानाकडे जातो. तिला कळतही नाही.
मग वाजवला नाही.
डुकरं ज्वारी खाऊन राह्यली.