वाळवणयंत्रावरचा मांडव

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
सौर वाळवणयंत्र वाटप योजना,
कोल्हापूर.

अर्जदार : श्रीमती शेवंताबाई कांबळे, अध्यक्षा, महिला बचत गट, ता. चंदगड.
विषय : उन्हावर चालणारे यंत्र उन्हात ठेवू देण्याबाबत.
संदर्भ : यंत्र वापरात नसल्याने परत नेण्याबाबतचे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार सविनय कळवते की, फळे-भाज्या वाळवण्याचे सौरयंत्र आपण गटाला मार्चमध्ये दिले. ते विहाराच्या अंगणात भर उन्हात ठेवले होते. दुसऱ्याच दिवशी आपले विस्तार अधिकारी श्री. उदयसिंह साहेब आले आणि उद्घाटनाच्या पाहुण्यांना ऊन लागू नये म्हणून यंत्रावरच जाड कापडाचा मांडव घालून गेले. उद्घाटनापूर्वी यंत्र वापरू नये, अशी ताकीदही दिली. साहेबांच्या हुशारीचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

गटातील चिमणाबाईंनी तेव्हाच विचारले, "सायेब, उन्हावर चालतंय म्हंता, आन् वर मांडव? लगीन हाय व्हय त्याचं?" त्यावर "तुमास्नी त्यातलं कळायचं न्हाय," असे उत्तर मिळाले. खरेच आहे. वाळवण सावलीत घालतात, हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला कळले नव्हते.

पाहुणे अद्याप आलेले नाहीत. मध्यंतरी वळवाने मांडव पाडला, तेव्हा अर्जदारास मनापासून आनंद झाला. पण साहेबांनी माणसे पाठवून तो लगोलग पुन्हा उभा केला. सरकारी काम इतक्या तत्परतेने झालेले अर्जदाराने प्रथमच पाहिले.

आता आपण लिहिता की, गट यंत्र वापरत नाही, सबब ते दुसऱ्या गटास देण्यात येईल. अर्जदारास याचा संताप आला आहे, हे नम्रपणे नमूद करते. फणस झाडाखाली पडून कुजत आहेत. चंदगडचा पाऊस एकदा बसला की ऊन मागायला कोणत्या कार्यालयात जायचे? वाळलेले गरे विकून पावसाळा निघाला, तर गटातल्या बायकांना भातलावणीला दुसऱ्याच्या शेतातल्या चिखलात दिवसभर वाकावे लागणार नाही. एवढ्यासाठीच यंत्र मागितले होते.

सबब, मांडव उतरवण्याची परवानगी मिळावी, अशी विनंती करण्याचे ठरले होते. परंतु अर्ज इथवर येईतो चिमणाबाईंनी विळ्याने दोऱ्या कापल्या. कापड खाली अंथरून बायका गरे सोलत बसल्या आहेत. यंत्राची काच हाताला चटका देत आहे. यंत्र वापरात आहे, याची आपल्या दप्तरी नोंद व्हावी.

परवानगीवाचून आपली नम्र,
शेवंताबाई कांबळे
दि. १२ मे २००३

सोबत : काही नाही. गरे अजून ओले आहेत.