सनदेसाठी एक भांडण हवे आहे

पनवेल, ता. ८ एप्रिल १९६२

राजमान्य राजश्री भगवानराव मेहुणे यांस कमळाकरचा नमस्कार. तुमची बहीण हौसा खुशाल आहे, आणि तिच्या परवानगीने मीही. तुमच्या गुडघ्याचं काय? तेल चोळता की बाटली नुसती फडताळात ठेवलीय?

पत्रास कारण की, नवा कायदा आलाय. जुन्या वकिलांना परीक्षा न देता अ‍ॅडव्होकेट होता येणार! म्हटलं, तेवीस वर्षं पनवेलच्या कोर्टात चपला झिजवल्या, आपण नाही तर कोण? अर्ज घेऊन कारकुनाकडे गेलो. तो म्हणे, अनुभव दाखवा, निकालापर्यंत लढवलेल्या दाव्यांची यादी जोडा. घरी येऊन सगळी दप्तरं सोडली. आणि काय सांगू, तेवीस वर्षांत एकही दावा निकालापर्यंत गेलेला नाही हो! सगळे कोर्टाच्या पायरीवरच मिटले. (माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे, आधी दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून चहा पाजतो.) मिठागरवाल्या काशिराम आणि विठू या भावांचा दावा तर मी काळा कोट चढवेपर्यंत संपला. काशिराम म्हणाला, “वकीलसाब, आमी बोललो, आता कोर्टाचं काय काम नाय.”

तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय: अनुभव म्हणजे नेमकं काय? आमच्या समोरचे वकील एक विहीर अकरा वर्षं लढले, त्यांची यादी मंजूर. माझी दोनशे भांडणं मिटली, ती कुठल्या रकान्यात लिहू? कारकुनाला विचारलं. त्या बिचाऱ्याने फॉर्म उलटून पाठीमागेही पाहिलं.

यादी नसेल तर परीक्षा! बावन्नाव्या वर्षी कायदा शिकणाऱ्या तुमच्या जगनच्या शेजारच्या बाकावर बसायचं, या विचाराने रात्री उठून तीच दप्तरं पुन्हा चाळतो, भगवानराव.

आपला,
कमळाकर

ता. क. बेलपाड्याला आपल्या दोघांच्या बांधावर जो फणस आहे, त्यावरून माझ्यावर दावा लावा. हात जोडतो, निकालापर्यंत लढा. मी कितीही गोड बोललो तरी ऐकू नका, आणि माझा चहा पिऊ नका. मसुदा मीच लिहून सोबत जोडलाय, नुसती सही करा.

आणखी ता. क. मसुदा हौसाला वाचून दाखवला. तिने एवढंच विचारलं, फणस लावला कोणी? तुमच्या वडिलांनी. मग मी लढू कशावर? मसुदा काढून घेतलाय. फणस तुमचा. (बघा, हाही मिटला!) कापाल तेव्हा थोडे गरे पाठवा, आणि जगनची जुनी पुस्तकंही.