याच मार्गाने पुढे जा

७ जुलै
एफ.वाय.चा वर्ग पाहून आलो. मुलं एकशे चाळीस, अर्थशास्त्र शिकवणारा मी एकटा. मागच्या बाकांवरचे चेहरे चष्मा लावूनही दिसत नाहीत. पण यंदा प्रत्येकाच्या मनापर्यंत पोचायचंच. तासानंतर सगळ्यांनी मोबाईलवर लिहायचं : आज काय समजलं, काय नाही, मनात काय चाललंय. उपक्रमाचं नाव ‘चिंतन’. मी स्वतः सगळं वाचणार. रोज. अपवाद नाही.

८ जुलै
चिंतनांचा पूर. थोडी वाचली. डोळे दुखले. बाकीची रविवारी.

१४ जुलै
रविवारी पाहुण्यांना पळसदरीचं धरण दाखवावं लागलं. नाइलाज.
आज कॉम्प्युटरच्या तस्लीम मॅडमनी तोडगा काढून दिला. माझ्या नावानं उत्तर आपोआप जाणार. एक-दोन ओळी असतील तर ‘अजून मोकळेपणाने लिही.’ भरपूर लिहिलं असेल तर ‘अगदी योग्य विचार. याच मार्गाने पुढे जा.’ मजकूर माझाच. मॅडम म्हणाल्या, अधूनमधून वाचत जा हं सर. हे मला सांगायला हवं?

११ ऑगस्ट
प्राचार्यांनी मीटिंगमध्ये कौतुक केलं. एवढ्या मुलांना व्यक्तिशः उत्तर कसं देता म्हणाले. म्हटलं, आवड लागते. वाचन जरा मागे पडलंय. गणपतीच्या सुट्टीत उरकतो.

८ सप्टेंबर
सुट्टी कशी गेली कळलंच नाही. वर्ग थोडा रिकामा वाटतो. तापाची साथ असेल.

१६ सप्टेंबर
स्टाफरूमच्या दारात एक गृहस्थ. मालोजी, कशेळ्याच्या पुढून आलेले. मुलगी जागृती माझ्या वर्गात. चेहरा आठवेना, तरी हुशार आहे म्हटलं. ते मात्र तिचा कॉलेज सोडल्याचा दाखला न्यायला आलेले. का म्हणून विचारलं तर गोंधळले. म्हणाले, सर, तुमीच सांगितलंत ना? तिची आई रडतेय, पन सरांनी विचार करूनच लिवलं असंल, आमी कोन मधे बोलनार. मोबाईल पुढे केला. माझं उत्तर होतं.
दाखल्याला दोन दिवस थांबा म्हटलं.

संध्याकाळी
जागृतीची चिंतनं काढली. पहिलं : ‘सर, काय समजत नाय.’ तिला गेलं, अजून मोकळेपणाने लिही. पोरगी लिहीत गेली. शेवटचं पानभर. इंग्रजी डोक्यावरून जातं, वर्गात विचारायची लाज वाटते, कॉलेज सोडावं वाटतंय, पन तुमी नको म्हणालात तर नाय सोडणार.
तिला ‘अगदी योग्य विचार’ गेलं.
बिघाड तांत्रिक आहे. तरी जातीनं जाऊन तिला परत आणणार. खरं काय ते सांगून टाकणार.

१८ सप्टेंबर
जीपनं कशेळ्याला जाऊन आलो. जागृती बाजारात कापडाच्या दुकानात कामाला लागलीय. मला पाहताच पाया पडली. चहा मागवला. बोलायचं वाटेत पाठ केलं होतं. तेवढ्यात तीच मालकिणीला सांगायला लागली, वर्गात एवढी पोरं हायत, पन आमचे सर एकेकाचं वाचतात. मग मला म्हणाली, माझं वाचून तुमाला वाईट नाय ना वाटलं, सर?
नाही गं, म्हणालो. छान लिहितेस.
परत ये म्हणालो असतो, तर आधी तसं का लिहिलं ते सांगावं लागलं असतं. चहा प्यायलो आणि निघालो.