दादाने पाठवलेला ॲम्प्लिफायर

दि. ३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेल्या बाईला सख्ख्या भावाशी बोलायला पाकिटावर तिकीट चिकटवावं लागतं, हे कुणाला सांगितलं तर हसतील. तीनदा फोन केला. तिन्ही वेळा वहिनीने घेतला आणि ‘हे म्हणतात, पत्र लिही’ एवढं सांगून ठेवला. म्हणून लिहिते.

नोकरी संपली. आता स्वतःसाठी एक स्टिरिओ घ्यायचा आहे, आणि तो व्हॉल्व्हचाच, काचेच्या नळ्या तापून लाल झाल्या की गाणारा, बाबांच्या रेडिओच्या दुकानात वाजायचा तसा. स्पीकर घेऊन झाले. परवडतील असे दोन ॲम्प्लिफायर पाहिलेत. एक नवा, चकचकीत, चाळीस वॅटचा. दुसरा जुन्या घडणीचा, जेमतेम आठ वॅटचा, पण उचलताना कंबरेत कळ आली. दोन्हींची माहितीपत्रकं सोबत जोडली आहेत. दुकानात दोन्ही ऐकले. मला जुना आवडला. त्यात गाणारी बाई श्वास कुठे घेते ते कळतं. तरी बाबांनी दुकान ज्याच्या हाती दिलं त्याला विचारल्याशिवाय घ्यायला धीर होत नाही. काय घेऊ ते कळव.

लोभ असावा, चेष्टा बेताची असावी.
तुझी,
बारकी

दि. १४ जून

चि. बारकीस,
अ. आ.

चाळीस वॅट घेऊन तुला काय अख्ख्या गल्लीला गाणी ऐकवायची आहेत? लहान खोलीला आठ पुरून उरतात. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घेताना वॅट बघू नयेत, वजन बघावं. वजन असतं ट्रान्सफॉर्मरचं, आणि स्वस्त माल करणारे पहिली कात्री तिथेच लावतात. दुसरं म्हणजे, त्याचे व्हॉल्व्ह पाच वर्षांनी बाजारात मिळतील का ते विचारावं. म्हणजे तुझा नेम लागला म्हणायचा, चुकून का होईना.

पण त्या दुकानातला घेऊ नकोस. त्याच बनावटीचा माझ्याकडे एक पडून आहे. उघडतो, कानाने जुळवतो आणि पाठवतो. गाणारीच्या श्वासाचं मात्र मनावर घेऊ नकोस. तीस वर्षं हेडफोन लावून बसलेल्या माणसाच्या कानात काय उरतं, ते मला ठाऊक आहे.

इकडे धंदा मंद आहे. लोकांना चांगलं ऐकायची सवय राहिली नाही. दोन जुनी गिऱ्हाइकं दुरुस्त केलेले सेट परत घेऊन आली, कर्कश वाजतात म्हणून. मी त्यांना पायरीही चढू दिली नाही.

प्रकृतीला जप, आणि मोठ्या भावावर विश्वास ठेवायला शीक.
तुझा,
दादा

दि. ९ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ॲम्प्लिफायर सुखरूप पोहोचला. इतक्या आठवणीने केलंस, बरं वाटलं. आता जे लिहिते त्याने रागावू नकोस.

तो टोचतो. ‘स’ आला की शिट्टी वाजते. झांज तर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी. आधी वाटलं खोलीचा दोष. पडदे लावले, सतरंजी घातली, स्पीकर हलवून हलवून फरशीला ओरखडे पाडले. शेवटी परत त्या दुकानात गेले आणि त्यांच्याकडचा तसाच ॲम्प्लिफायर तासभर ऐकला. तिथे श्वास होता, टोचणं नव्हतं. चूक माझीही असेल. तरी एकदा सांग, जुळवताना आत काही बदललंस का?

उत्तराची वाट बघते. लोभात कमी करू नये.
तुझी,
बारकी

दि. १७ जुलै

चि. बारकीस,
अ. आ.

चाळीस वर्षं मी हेच काम करतोय. आत काय बदललं ते तुला सांगून कळणार आहे का?

बाबा आपल्या दोघांना भिंतीकडे तोंड करून बसवायचे आणि मागे सूर लावून परीक्षा घ्यायचे, ऐकू आला की हात वर. त्यात कोण पास झालं, ते आठव. दुकान मला कुणी खिरापत म्हणून वाटलं नाही. तुझ्या कानांबद्दल बाबा काय बोलले होते ते आजवर तोंडातून काढलं नाही. काढायला लावू नकोस. ऐकवत नसेल तर परत पाठव.

दादा

दि. ६ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परत पाठवला नाही. इथल्या मेकॅनिककडे नेला. म्हातारा सज्जन आहे, कुणाला नावं ठेवत नाही. त्याने उघडून बघितलं आणि म्हणाला, व्हॉल्व्ह चांगले, ट्रान्सफॉर्मर उत्तम, सोल्डरिंग तर बघत राहावं असं. फक्त वरचे सूर मुद्दाम चढवलेत. त्यासाठी दोन्ही बाजूंचा एकेक बारका कपॅसिटर बदललाय. ते कुणी केलं हे त्याने विचारलं नाही. एवढंच म्हणाला, की ज्याने केलं त्याला वरचं ऐकू येत नसणार, आणि स्वतःला ऐकू येईपर्यंत तो चढवत गेला असणार.

घरी येऊन तुझी पत्रं पुन्हा वाचली. तू फोन का घेत नाहीस ते कळलं. ती दोन गिऱ्हाइकं खोटं बोलत नव्हती तेही कळलं. दादा, तुला ऐकू येईनासं कधीपासून झालंय? आडवळणाने लिहू नकोस.

तुझी,
बारकी

दि. २९ ऑगस्ट

चि. बारकीस,
अ. आ.

चार वेळा लिहून फाडलं.

सहा वर्षं झाली. आधी डावा गेला, मग उजवा. बायको खांद्याला हात लावून जेवायला बोलावते. तिला वाटतं मी कामात गढलेला असतो. फोनवर निम्मे शब्द गळतात. डॉक्टरकडे गेलो नाही. रेडिओ दुरुस्त करणारा बहिरा झाला हे गावभर झालं, तर दुकानाला कुलूपच.

आता लिहायला बसलोच आहे तर सगळं लिहितो. माझा कान पहिल्यापासून कामचलाऊच होता. बाबांच्या परीक्षेत मी तुझ्या पायाकडे बघायचो. सूर बारीक होत जायचा, मला ऐकू येणं थांबायचं, पण तुझा अंगठा हलायचा. तो हलला की मी हात वर करायचो. तू मात्र गोंधळून उशिरा करायचीस. बाबा म्हणाले, पोरीचा कान मंद आहे, हिला नोकरीत चिकटवा. मी गप्प बसलो. पुढे तेच खरं धरून चाललो.

एक मागतो. तू इकडे ये. माडीवरची खोली रिकामी आहे. मी दुरुस्त करीन, तू ऐकून खुणेने सांग. कुणाला कळायची गरज नाही.

लहान आहेस, तरी पदर पसरतो. माया आटू देऊ नकोस.
तुझा,
दादा

दि. १२ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अंगठा हलायचा नाही, दादा. मी हलवायचे.

तू चुकलास की बाबा पट्टा काढायचे. मी चुकले तर फक्त आत जा म्हणायचे. म्हणून तुला दिसेल असा पाय पुढे ठेवायचे आणि स्वतःचा हात मुद्दाम उशिरा वर करायचे. मला वाटलं, मार चुकला की खेळ संपला. त्याच्यावर दुकान ठरणार आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते दुकान हवं होतं. एक्स्चेंजमध्ये दर दोन वर्षांनी कान तपासायचे, आणि दर वेळी डॉक्टर म्हणायचा, असा कान क्वचित सापडतो. मी मान हलवून पुन्हा हेडफोन लावायचे.

इतकी वर्षं मी समजत होते की मी मुद्दाम करायचे हे तुला माहीत आहे आणि कधीतरी एकदा बोलशील. आणि तू मला गोंधळलेली समजत होतास. एवढं मात्र मला सोसत नाही.

मी येणार नाही. पुन्हा तुझ्याशेजारी बसून कुणाला न कळता खुणा करणं या वयात मला जमायचं नाही. डॉक्टरकडे जा. वहिनीला सांग, आजच सांग. त्या दोघा गिऱ्हाइकांच्या घरी स्वतः जाऊन सेट घेऊन ये आणि माझ्याकडे पाठव. ते मी नीट करीन, माझ्या नावाने. तुझ्या ॲम्प्लिफायरचे कपॅसिटर मीच बदलले, लहानपणी बाबांचे हात बघून शिकले होते तसे. मेकॅनिकने नुसता दिवा धरला होता. आता तो सुरेख वाजतो. येऊन एकदा ऐकून जा, असं लिहिणार होते. मग हात थांबला.

लोभ अजून तेवढाच आहे. राग नुसता असता तर सोपं गेलं असतं.
तुझी बहीण