अर्थिंगचं मीठ

कासारवाडी, ४ नोव्हेंबर १९५६, रविवार
आलो एकदाचा! पिंपरीच्या नव्या कारखान्यात दुपारपाळी आणि स्टेशनपासून दहा मिनिटांवर गोजाबाईंची ही खोली. म्हातारी सध्या कुरुळीला लेकीकडे आहे. किल्ली तिचा दीर मालोजी याने दिली, तीही काळजाचा तुकडा काढून द्यावा तशी. खोली त्याला स्वतःच्या मुलासाठी हवी होती म्हणे. असेना का. अठराच्या दुपारी सुमन आणि आमची चार महिन्यांची बेबी इथे उतरतील. तोवर देशोदेशीच्या हौशींशी बोलायचा माझा हौशी रेडिओ चालू झालाच पाहिजे. परवान्यासाठी दोन वर्षं जोडे झिजवलेत.

६ नोव्हेंबर
एरियल बांधली. छपरावरच्या बांबूपासून नांदुर्कीच्या झाडापर्यंत साठ फूट तांब्याची तार, टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर, म्हणजे तिचा जमिनीशी संबंध नको. अर्थिंगचा पाइप मात्र जमिनीत खोल हवा. अंगणात सगळा मुरूम. नांदुर्कीखालच्या उंचवट्यात मऊ माती लागली, पाइप पाच फूट सरसर गेला. मग नेहमीच्या रीतीने भोवती कोळसा आणि पाच शेर खडेमीठ घालून पाणी ओतलं. मालोजी बांधावर बसून सगळं बघत होता. संध्याकाळी कोलंबोचा एक गडी झकास ऐकू आला!

९ नोव्हेंबर
आवाज मधूनच मरतो. तोही फक्त भर दुपारी, बारा ते एक. सगळे सांधे पुन्हा झाळले, इन्सुलेटर पुसले. मीटर लावला तर तार मिनिटभर जमिनीला टेकल्यासारखी दाखवते, मग सुटते. वर बघावं तर वारा नाही, पाखरू नाही. माझा संशय मालोजीवर. माणूस खवट आहे.

१२ नोव्हेंबर
तारेचे तीन तुकडे करून मध्ये इन्सुलेटर घातले, म्हणजे बिघाड कुठे ते कळेल. झाडाकडच्या तुकड्यात निघाला. तो बदलला. सुटलो.

१३ नोव्हेंबर
आज मधल्या तुकड्यात. झाडाकडचा ठणठणीत. बिघाड असा चालत येत नसतो.

१५ नोव्हेंबर
गोजाबाई परतल्या. उंचवट्यातला पाइप पाहून आधी विचारलं, मीठ घातलं का. तिथे कुणाला पुरलंय ते सांगेनात. एवढंच म्हणाल्या की तीस वर्षं दर अवसेला त्या तिथे अळणी भात ठेवतात. मिठाचा कणही घालत नाहीत. "ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या घरचं व्हतं ते. आमी त्येला परकं ठिवलं. तुमी घरात घेतलं." मालोजीला हे सगळं ठाऊक होतं. जाब विचारला तर हसला. मला त्या हसण्याची भीती वाटली, लपवत नाही.
दुपारी बिघाड घराकडच्या तुकड्यात.

१६ नोव्हेंबर
पाइप उपटायला गेलो. निघेना. खालून कुणीतरी धरलाय. एरियल तोडून फेकली. सुमनला टपालातून तार केली, निघू नकोस.

१७ नोव्हेंबर
घरून उत्तर आलं — ती कालच पुण्याला मावशीकडे निघाली. मावशीचा पत्ता माझ्याजवळ नाही. उद्या दोघींना स्टेशनवरूनच परत पाठवीन. मीटर टेबलावर आहे, काही न जोडलेला. बाराला काटा हलला. अजून खाली आला नाही.

१८ नोव्हेंबर, सकाळी ११
दाराला बाहेरून कुलूप. मालोजी खिडकीतून म्हणाला, तुमच्या घरचं हाय, तुमच्याच घरात ऱ्हाऊ द्या, गावात फिराया नको. गोजाबाईंना हाका मारल्या. त्यांनी तोंड फिरवलं.

११.४०
गज हलत नाहीत. दारही नाही. कुणीही येत नाही — सगळे ऐकतायत आणि कुणीही —

१२.१०
स्टेशनात गाडी आली.

१२.३०
काटा पडला. एकदम शून्यावर. इथून गेलं. कुठे —

१२.५०
सुमन खिडकीशी. हात मोकळे. बेबी कुठे विचारलं — म्हणते, स्टेशनवर आपल्या घरचे एक जण न्यायला आले होते, त्यांच्याकडे दिली, मागून येतायत. आपलं इथे कुणी नाही — ओरडलो, मागे धाव, घे तिला — ती हसते. म्हणते, दोन दिवस नुसती रडत होती. त्यांनी उचलली आणि एकदम गप्प. तेव्हापासून आवाजच ना—