कपाटाची कड आणि बाबांचं नाक

ती. आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे प्रत्यक्षात वाकणं बंद आहे, कागदावर अजून जमतं.) तुझे गुडघे कसे आहेत, जिना अजून उलटीच उतरतेस का, आणि काकांनी मीठ सोडलं की न सोडल्याचं तुझ्यापासून लपवलं, हे सवडीनं कळव. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. हकीकत पुढे.

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे आहेत, हे तुला माहीत आहेच. चाळीस वर्षं अस्सल लाकडात काम केलेला सुतार. माझ्या कारखान्याला (म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन मशिनं आणि मी) ते ‘पुठ्ठ्याचं दुकान’ म्हणतात, आणि तीन वर्षांत त्यांनी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. मी भुशाच्या बोर्डाची कपाटं करतो आणि बोर्डाची कड दिसू नये म्हणून तिच्यावर गरम गोंदानं प्लास्टिकची पट्टी चिकटवतो. बाबांचं म्हणणं, ज्या वस्तूची कड झाकावी लागते ती वस्तू करूच नये. यावर आमचं बोलणं व्हायचं असं नाही. यावरूनच आमचं बोलणं बंद होतं.

अशात मला बालवाडीचं काम मिळालं. खेळणी ठेवायची चौदा ठेंगणी कपाटं. वेळेत दिली, बाई खूश, मी खूश. चौथ्या दिवशी बाई स्वतः शेडमध्ये आल्या, नाकाला रुमाल लावून. म्हणाल्या, “मुलं कपाटाजवळ जात नाहीत. एक जण म्हणतो, इथे चप्पल मेली आहे.” मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. दोन मुलांचं डोकं दुखलं होतं, एका मुलीला उलटी झाली होती, आणि सगळी खेळणी आता जमिनीवर होती. मी छातीठोकपणे सांगितलं की वास असणं शक्यच नाही, आणि शेडमध्ये तसंच एक कपाट होतं त्यात खांद्यापर्यंत शिरून मोठ्ठा श्वास घेऊन दाखवला. बाहेर आलो तर बाई माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तशा बघत होत्या. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि काहीतरी नाकाशी धरलं. “कसला वास येतोय?” मी म्हटलं, “कसलाच नाही.” डोळे उघडले तेव्हा त्यांच्या हातात डोकेदुखीच्या बामची उघडी बाटली होती.

आत्या, तेव्हा मला कळलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की इतकी वर्षं गोंद आणि भुसा हुंगल्यावर नाकानं राजीनामा दिला आहे; परत येईल, न येईल, सांगता येत नाही. मी घरी येताना आठवत राहिलो. गेली दोन वर्षं हिनं काय शिजवलंय हे मी झाकण उघडूनच ओळखत होतो, आणि मला वाटायचं आपलं लक्ष नसतं. आणि ज्या पोरांना बोलता येतं त्यांनी निदान सांगितलं. इतके दिवस माझी कपाटं घेऊन गेलेली माणसं गप्प का बसली असतील, याचा विचार रात्रभर केला.

बाईंनी पंधरा दिवसांची मुदत दिली. कपाटं परत आली. वास घालवायचा होता, आणि घालवणाऱ्याला तो येत नव्हता. हिचं नाक मागावं, तर हिला चौथा महिना लागलेला. (ही बातमी पत्राच्या मध्यात दिल्याबद्दल रागावू नकोस, क्रम चुकला.) सध्या हिला साबणाचा वास येतो, उन्हाचा येतो, माझाही येतो. मी कपाटांत सोड्याच्या वाट्या ठेवल्या, कोळसे ठेवले, मग कोणीतरी सांगितलं म्हणून चिरलेले कांदे ठेवले. हिनं शेडच्या दारातूनच निकाल दिला, “आता चपलेनं मरताना कांदा खाल्ला होता.” गुलाबाचा फवारा मारला त्याबद्दल ती जे बोलली ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी बाबा पायांत बूट घालून दारात उभे. “चल.”

“कुठे?”

“पुठ्ठ्याच्या दुकानात. तुला नाक नाही, मला काम नाही.”

ते स्टुलावर बसले आणि पट्टीचा एकेक रोल मागून घेऊन नाकाशी धरायला लागले. हुंगायचे, वाकवायचे, नखानं ओरखडायचे. मी स्वस्तात मिळतो म्हणून आणलेला रोल त्यांनी लांब फेकला. “हा भंगार वितळवून केलाय.” मग गोंदाच्या भांड्याकडे वळले. काम लवकर उरकावं म्हणून मी आच कायम चढवून ठेवतो. “सरससुद्धा करपला की घाण सुटते,” ते म्हणाले, “हा काय वरून पडलाय?” शेवटी कपाटाच्या मागून, खालून हात फिरवला. तिथल्या कडा मी उघड्याच ठेवतो, कारण त्या दिसत नाहीत. बोर्डाचा स्वतःचा उग्र वास तिथूनच बाहेर पडत होता. बाबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “तुला दिसत नाहीत. पोरांची नाकं त्याच उंचीला असतात.”

मग आम्ही दोघांनी चौदाही कपाटांच्या पट्ट्या उतरवल्या. बाबांनी स्वतःची पटाशी आणली होती, धार लावून. दुसऱ्या चांगल्या प्लास्टिकचे रोल आणले, सोडून दोरीवर वाऱ्याला टांगले, चांगले आठवडाभर. (शेजारच्या वेल्डरनं विचारलं, एवढ्या नाड्या कोणाच्या?) आच उतरवली, गोंद बेतानं लावला, दिसणारी-न दिसणारी एकही कड उघडी ठेवली नाही. आणि आत्या, काम करताना बाबा बोलत होते. आई गेल्यावर पहिल्यांदाच आईबद्दल बोलले. शेवटी प्रत्येक कपाटात डोकं घालून त्यांनी हुंगलं आणि चौदा वेळा म्हणाले, “हं. जाऊ दे.”

मुदतीच्या दिवशी बाईंनी चप्पल मेल्याचं सांगणाऱ्या मुलालाच पुढे केलं. त्यानं कपाटात आधी डोकं घातलं, मग स्वतः शिरला आणि काही केल्या बाहेर येईना. त्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला आयुष्यात मिळालेलं नाही.

काकांना नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझा भाचा,
ठोक्या

ता. क. परवा दुपारी दूध करपून पातेलं काळं झालं. घरभर धूर. बाबा ओट्यापासून दोन हातांवर पेपर वाचत बसले होते. मी धावत आत गेलो तेव्हा मान वर केली. मी गॅस बंद केला आणि विचारलं, “कधीपासून?” त्यांनी पेपरची घडी घातली. “तुझी आई होती तेव्हापासून.” म्हटलं, मग रोल कसे निवडले? तर म्हणाले, “बोटांनी. वाईट माल हाताला कळतो. घाईचं कामही कळतं.” मग नाकाशी का धरत होता? तर म्हणाले, “नाही तर स्टुलावर बसू दिलं असतंस मला?” पातेलं दोघांनी मिळून घासलं.

ता. क. २. पत्राचं खरं कारण. बाईंनी आता लहान मुलांच्या झोपायच्या खोलीसाठी कपाटं सांगितली आहेत. शेडमध्ये सुतार दोन आणि नाक एकही नाही. तू आठ दिवस येऊन राहशील का? बाबांना विचारूनच लिहितोय. ते म्हणाले, “बोलाव. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची तिला लहानपणापासून सवय आहे.”